पोटं शिवणारी

आमच्या स्टुडिओच्या कपडेपटात, म्हणजे जिथे नटनट्यांचे कपडे शिवतात, उसवतात आणि इस्त्री करतात त्या खोलीत, एक लाकडी कपाट होतं. त्यात पोटं ठेवलेली असत. वरच्या कप्प्यात चौथा महिना, त्याखाली सहावा आणि सातवा, आणि सगळ्यात खाली, जड म्हणून, नववा. पाचवा आणि आठवा कधी शिवलेच नव्हते, कारण मालिकांत ते महिने येत नाहीत. नायिकेला चक्कर येते, दिवस गेल्याचं कळतं, घरात कुणाचं तरी तोंड वाकडं होतं, आणि मग एकदम कळाच सुरू होतात. मधल्या काळात सांगण्यासारखं काही घडत नाही, असं मालिका लिहिणाऱ्यांचं ठाम मत होतं. मीही त्यांच्यातलाच.

ही पोटं शिवणाऱ्या बाईला सगळे पोटवाल्या ताई म्हणत. ती पस्तिशीची होती, बोलणं कमी, तोंडात बहुतेक वेळा टाचण्या. तिच्या दारात दिवसभर चालणारं संभाषण बाहेरच्या माणसाने ऐकलं असतं तर त्याने डॉक्टरला बोलावलं असतं.

"ताई, नववा कुणी नेला?"

"पलीकडच्या सेटवर. तिकडे आज कळा आहेत."

"मग मी काय घालू?"

"सातवा घाल आणि जरा मागे रेलून चाल."

"सातव्याची शिवण गेलीय."

"मग आजच्या दिवस खुर्चीवर बस आणि मांडीवर उशी घे. तुझ्या घरात कुणी तुझ्याकडे बघतंय कुठे? कथाच तशी आहे."

तिच्या पोटांची खुबी वजनात होती. आधीचा शिंपी नुसता कापूस भरायचा. नट्या ते पोट बांधून जिने दोन दोन पायऱ्या गाळून उतरायच्या आणि प्रेक्षकही बिचारे सहन करायचे. ताईने कापसाच्या आत जवसाची पिशवी घातली. जवस निसरडं असतं, अंगासरशी हलतं, जागा धरून बसतं, आणि जड. ते पोट खांद्याच्या पट्ट्यांवर चढलं की नटीची पाठ आपोआप मागे जाई, पावलं फाकत, हात कमरेवर येई. मग तिला अभिनय करावा लागत नसे, आणि काहींच्या बाबतीत ते फारच सोयीचं पडे.

"जड आहे हो ताई!"

"असतंच."

"तुम्हाला काय माहीत?"

हा प्रश्न एका नटीने सहज विचारला होता. ताईने तोंडातल्या टाचण्या काढल्या नाहीत, म्हणजे उत्तर द्यायचं नव्हतं. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती. नवरा बेकरीत भट्टीवर कामाला. घरात तो, ती आणि त्याची आई. कूस उजवायची वाट बघून ताई थकली, आणि वाट बघणं सोडून दिल्यावर तिला दिवस गेले. हे सगळं तिने मला बऱ्याच काळाने, काजं करता करता सांगितलं. मी मध्ये फारसं बोललो नाही, एवढाच माझा त्यातला वाटा.

दिवस गेल्यावर पहिली गोष्ट तिच्या लक्षात आली ती अशी, की आपण आजवर सगळं चुकीचं शिवलं. पोट हा प्रकार फार उशिरा येतो. त्याच्या आधी नाक येतं. तिला डिंकाचा वास सोसेना, नंतर इस्त्रीच्या वाफेचा, नंतर नवऱ्याच्या अंगाला येणारा भट्टीचा. छाती जड झाली आणि दुखू लागली, बसल्या जागी झोप येऊ लागली, जिना चढला की धाप लागू लागली. बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आत मात्र, दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, चिमुकलं काळीज धडधडायलाही लागलं होतं.

"एवढं सगळं चाललंय आणि कॅमेऱ्यात काहीच येणार नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

दुसरी चूक कडकपणाची. पोट उशीसारखं मऊ असतं, असं तिला वाटत आलं होतं. ते कलिंगडासारखं टणक असतं, हे तिला स्वतःच्या पोटावरून कळलं. बेंबी बाहेर येते. बेंबीखालून एक काळसर रेघ उमटते, जणू कुणी खडूने कापायची खूण केली. तिने कपाटातली सगळी पोटं उसवली आणि नव्याने भरली. बेंबीच्या जागी आतून कापड मढवलेलं बटण लावलं. दिग्दर्शक म्हणाला, "हे कुणाला दिसणार आहे?" ती म्हणाली, "मला."

बाळ पहिल्यांदा हललं ते शिवणयंत्राच्या आवाजाला. आतून कुणी बोटाने टिचकी मारावी, तसं. तिने यंत्र थांबवलं, टिचकी थांबली. पुन्हा चालवलं, पुन्हा टिचकी. मग हा त्यांचा खेळच झाला. सहाव्या महिन्यात बाळाला ऐकू येतं, हे दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यावर होतं. तो तक्ता तिने नंबर लागेपर्यंत इतक्या वेळा वाचला होता, की पुढच्या महिन्यांत काय काय व्हायचं ते तिला पाठ झालं होतं. डोळे केव्हा उघडतात, अंगावरची लव केव्हा गळते, डोकं खाली केव्हा येतं. पाठ्यपुस्तक आधीच वाचून ठेवणाऱ्या शहाण्या मुलांसारखी तिने पुढची पानं वाचून ठेवली होती.

घरी सासूला हे सगळं रोज सांगायचं असे. सासूबाई शाळेत शिपाई होत्या. जन्मभर त्यांनी शाळेची घंटा दिली. त्यांच्या घंटेवर मुख्याध्यापक घड्याळ लावत. आता काळीज थकलं होतं, पायांवर सूज होती, डोळ्यांनी अंधूक दिसत होतं, आणि खिडकीपाशी खाटेवर पडून त्या घर चालवत होत्या. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की काही महिने मिळतील, पण धक्का बसेल असं काही कानावर घालू नका.

"ये, बस," सून कामावरून आली की त्या म्हणत. "आज काय काय केलं कार्टीनं?"

"कार्टी कशावरून? कार्टा असेल."

"कार्टा एव्हाना भूक लागली म्हणून बोंबलला असता. आण इकडे." मग त्यांचा मोठा, खरखरीत, दोरी ओढून ओढून घट्टे पडलेला हात सुनेच्या पोटावर येई. आतून लाथ बसली की म्हणत, "बघ, आजीला मारते. आत्ताच एवढी उद्धट. हिला पहिल्या बाकावर बसवली पाहिजे."

सातवा लागला आणि एके दुपारी कपडेपटात ताईच्या लक्षात आलं, की यंत्र मघापासून चालू आहे आणि आत काही होत नाही. तिने थांबून वाट बघितली. पुन्हा चालवलं. साखरेचं पाणी प्यायली, कुशीवर आडवी झाली, उठली आणि पुन्हा यंत्राचं पायडल दाबलं. कापड संपलं होतं. सुई नुसतीच खाली-वर होत राहिली. तशी ती यंत्र चालवत बसली होती, कुणीतरी येऊन हात धरेपर्यंत.

दवाखान्यात त्यांनी पोटावर यंत्र फिरवलं, मग दुसरं आणलं, मग मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. मोठे डॉक्टर येतात तेव्हा सांगायचं काय ते आधीच ठरलेलं असतं. पुढे औषध देऊन कळा आणाव्या लागल्या. कळा खऱ्या होत्या, मालिकेत असतात त्याहून पुष्कळ लांब, आणि कुणी ओरडायला सांगत नव्हतं. मुलगी होती. दोन्ही तळहातांत मावली. पापण्या अजून मिटलेल्याच होत्या. अंगावर बारीक लव. बोटांना नखं आलेली. जन्मभर बारीक शिवण केलेल्या बाईने ती नखं पाहिली आणि तिला वाटलं, हे कुणाला शिवता आलं नसतं. मग नवरा मुलीला घेऊन गेला आणि रिकाम्या हातांनी परत आला. कुठे, हे तिने विचारलं, त्याने सांगितलं. त्यावर दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत.

सासूबाईंना एवढंच सांगितलं होतं, की तपासणीसाठी ठेवून घेतलंय. घरी आल्यावर त्यांना सांगायचं कसं, याची जुळवाजुळव नवऱ्याने वाटेत केली होती. पण पोट रिकामं झालं म्हणून लगेच सपाट होत नाही. पाचव्या महिन्याएवढं ते तसंच राहतं, आणि मग आठवड्यामागून आठवडे ओसरत जातं. हा पोटाचा मठ्ठपणा त्या दिवशी नडला. सासूबाईंनी हाक मारली, ती खाटेवर टेकली, आणि हात आपल्या नेहमीच्या जागी येऊन पडला.

"कसं आहे गं बाळ?"

तिने तोंड उघडलं. दारातून नवरा म्हणाला, "बरं आहे."

दोन शब्द. स्वयंपाकघरात त्याने ओट्याला दोन्ही हात लावले आणि मान खाली घालून म्हणाला, "तोंडातून निघून गेलं."

"आता?"

"डॉक्टर म्हणालेत ना, धक्का नको."

"आणि पोट? ते उतरत जाणार. त्याला काय सांगू, धक्का नको?"

त्याने ओट्यावरचं फडकं उचलून त्याची घडी केली. मग हळूच म्हणाला, "आता किती दिवस राहिलेत तिचे."

म्हणजे बेत असा ठरला, की आईला कळायच्या आत आई जाईल. तिचं मरण हा त्या बेताचा मुख्य आधार होता. बेत करताना दोघांच्याही लक्षात आलं नाही, की वाट बघायला काही असलं की माणूस सहसा मरत नाही.

तिने घरच्या यंत्रावर पोट शिवायला घेतलं. आजवरची पोटं डोळ्यांसाठी होती, हे हातासाठी शिवायचं होतं. वर बनियनचं मऊ कापड, आत दाबून भरलेला कापूस, त्याच्या आत जवस. बेंबीचं बटण. जवस चुलीवर जरा गरम करून घेतलं की बराच वेळ ऊब धरतं, हे तिला तेव्हा सापडलं. बाहेरून हात लावणाऱ्याला अंगाचीच ऊब वाटे. दर काही दिवसांनी एक शिवण उसवायची, मूठभर जवस घालायचं, पुन्हा शिवायची. तिच्या हातून इतकं चोख काम आधी कधी झालं नव्हतं.

त्याखाली तिचं स्वतःचं शरीर उलट्या दिशेला चाललं होतं. दवाखान्यातून आल्यावर दोन-तीन दिवसांतच दूध आलं. शरीराला कुणी कळवलंच नव्हतं. छाती दगडासारखी झाली, कपडे भिजू लागले. तिने कापडाच्या पट्टीने छाती आवळून बांधली. दूध हळूहळू आटलं. पोटाची कातडी सैल पडली, भरलेली पिशवी ओतून टाकल्यावर पडते तशी. नंतर विंचरताना केसांचे पुंजके हातात येऊ लागले. बेंबीखालची ती काळसर रेघ तेवढी होती. रोज आंघोळीच्या वेळी ती रेघ बघायची. रेघही पुसट होत चालली होती.

थोड्याच दिवसांत ती कामावर आली. स्टुडिओत सगळ्यांना कळलं होतं. सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलत, आणि मालिकेतल्या आयाबाया पोटावर हात ठेवून तिच्यासमोरून जाताना ओशाळल्यासारख्या होत. एकदा नववा महिना बांधलेली नटी खुर्चीत धपकन बसून म्हणाली, "बाई बाई, किती दमायला होतं!" आणि मग ताईकडे बघून तिचा चेहरा पडला. ताई म्हणाली, "पाय वर घेऊन बस. बरं वाटतं."

त्या काळात आमच्या स्टुडिओतल्या नट्या कामावर गरोदर असत आणि घरी जाताना सपाट होत. ताईचं नेमकं उलट. घरून पोट बांधून निघायचं, कारण गल्लीतल्या बायका सासूबाईंपाशी येऊन बसत आणि कुणाच्या तोंडाला झाकण नव्हतं. कपडेपटात आल्यावर पोट काढून खुंटीला अडकवायचं. संध्याकाळी इस्त्रीच्या टेबलावर जवस गरम करायचं, बांधायचं आणि निघायचं. फाटकावर एक नवा पहारेकरी लागला होता. त्याने तिला दोन-तीन संध्याकाळी पाहिलं आणि चौथ्यांदा अडवलं.

"ताई, स्टुडिओचा माल बाहेर न्यायला परवानगी नाही."

"माझं आहे."

"सगळे असंच म्हणतात. परवा एकाने मिशा नेल्या."

ती नुसती उभी राहिली. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि फाटक उघडलं. नंतर कुणीतरी त्याला सगळं सांगितलं असावं. दुसऱ्या दिवसापासून ती दिसली की तो उठून उभा राहायचा, आणि ते तिला जास्त जड जायचं.

बसमध्ये लोक उठून जागा देत. ती बसे. नको म्हटलं की आग्रह होणार, आणि आग्रहाला पुरण्याएवढं बळ तिच्यात नव्हतं.

"कितवा?" शेजारच्या बाईने विचारलं.

"आठवा."

"पहिलंच वाटतं. पहिल्याला असं वर असतं बघ पोट."

ताईने मान हलवली. पट्टे तिने त्यासाठीच वर आवळले होते.

आणि घरी खाटेपाशी हजेरी द्यायची. सासूबाई विचारत, ती सांगे. आज डोळे उघडले. उजेडाकडे तोंड फिरवतं म्हणे, आत लालसर दिसत असेल. आज उचकी लागली होती. अंगावर मांस धरतंय आता, सुरकुत्या भरत आल्यात. लव गळतेय. अंगठा चोखतं. तक्ता तर पाठच होता. जी मुलगी मातीखाली होती तिला ती संध्याकाळी संध्याकाळी वाढवत होती, आणि त्यात काही चुकू देत नव्हती. सांगताना तिचा आवाज सरळ येई. दिवसभरात तिने आपणहून काही बोलावं, असं तेवढंच होतं. सांगून झालं की तिथेच खाटेच्या कडेला बसून ती चार घास खाई. एरवी तिच्या ताटातलं तसंच उरायचं.

"आज लाथ नाही मारली," सासूबाई हात ठेवून म्हणत.

"झोपलंय आत्ता."

"झोपू दे. झोपेतच वाढतात पोरं." किंवा, "माझा हात गार आहे, म्हणून गप्प बसते लबाड." किंवा, "जागा कमी पडत असेल आता, कुठे हलणार बिचारी?" सबबी बहुतेक वेळा त्याच पुरवत. सून मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकी.

मरायची वेळ त्यांनी पाळली नाही. पायांची सूज उतरली. भाकरतुकडा मागून खाऊ लागल्या. तपासायला आलेले डॉक्टर खूश झाले. "घरात बाळ येणार म्हटलं की असं होतं," ते नवऱ्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "हेच औषध चालू ठेवा."

नववा लागला. बेकरीत नवऱ्याने पावांच्या दोन खेपा करपवल्या, आणि एका संध्याकाळी स्वयंपाकघरात दार लोटून घेऊन म्हणाला, "एकच वाट आहे. कळा आल्या म्हणून निघायचं. एखादा दिवस बाहेर काढायचा. परत यायचं आणि सांगायचं, की जन्मताना गेलं. होतं असं."

ती भांडी विसळत होती. "कोण गेलं?"

"अगं, म्हणजे..."

"एकदा गेलीय ती. पुन्हा मारू?" तिने नळ बंद केला. "दोन महिने मी तिचे डोळे उघडतेय, तिला मांस चढवतेय. आणि आता तिला घेऊन जायचं आणि मारून यायचं. तू सांग आईंना. मी नाही सांगणार."

"मग काय करायचं ते तू सांग."

तिने शेवटचं भांडं पालथं घातलं. पलीकडच्या खोलीत सासूबाई खोकल्या.

तिला जे येत होतं ते तिने केलं. दिवस भरत आले की बाळाचं डोकं खाली सरकतं आणि सगळं पोट उतरतं. वरच्या बरगड्या मोकळ्या होतात, श्वास सोपा होतो आणि चालणं अवघड. हे उतरलेलं पोट स्टुडिओत कधी कुणी मागितलं नव्हतं, कारण त्या वेळी आमच्या नायिका आडव्या असत. सुटीच्या दिवशी दुपारभर बसून तिने पट्टे लांब केले, वरचा कापूस काढला, जवस खाली ओढलं. आरशासमोर चालून पाहिलं. मग गरम केलं, बांधलं आणि खाटेपाशी जाऊन बसली.

हात आला. वरून खाली फिरला, बाजूंनी चाचपून आला, तळाशी थांबला.

"उतरलंय," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"डोकं खाली आलं."

"हो."

"छान केलंयस हो. कुठ्ठे म्हणून खोट काढायला जागा नाही." हात तसाच होता. "आता काढून ठेव ते. उकडत असेल तुला."

खिडकीतून रस्त्यावरच्या सायकलींचा आवाज येत होता. ताई हलली नाही.

"काढ गं पोरी. किती दिवस वागवायचं?"

"कधीपासून?" तिला एवढंच विचारता आलं.

"तू दवाखान्यातून आलीस, त्यानंतर दोन-तीन दिवसांची गोष्ट. सकाळी माझी उशी सारखी करायला वाकलीस. पुढचं सगळं ओलं. डोळे गेलेत माझे, नाक शाबूत आहे. आलेल्या दुधाचा वास मला कळू नये? तीन पोरं पाजलीत मी." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तोही बिनडोक. दारात उभा राहून म्हणे बरं आहे. लहानपणी काच फोडली तेव्हाही असाच आवाज लावला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होते. संध्याकाळी तू आलीस, बसलीस आणि म्हणालीस, आज तिने डोळे उघडले. असं म्हणालीस, की मला वाटलं, ही पोर दिवसभर हेच सांगायला थांबली होती. सांगितलंस आणि जेवलीस. मी म्हटलं, चालू दे. त्या मुलीचा वर्ग भरलाय तर पुरा होऊ दे. मधेच घंटा कशाला द्यायची?" त्यांनी हात काढून घेतला आणि आपल्या पोटावर ठेवला. "आता झाले दिवस पुरे. आता तुला त्रास होईल."

ताईने झग्याच्या मागे हात घालून पट्टे सोडले. पोट खाटेवर ठेवलं. ते दोघींच्या मध्ये, अजून उबदार, पडून राहिलं.

"मुलगी होती?" सासूबाईंनी विचारलं.

हे तिला इतक्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. जे हळहळले होते ते बाळ म्हणाले होते, काहीजण तेही म्हणाले नव्हते.

"मुलगी."

"म्हटलंच होतं मी. कुणावर गेली होती?"

"डोळे नाही बघता आले. मिटलेले होते." ती थांबली. "कान तुमच्यासारखे. मोठे."

"अरेरे," सासूबाई म्हणाल्या. "बिचारी." आणि त्यांचं तोंड हसायला गेलं, ते तिथवर पोचलं नाही. ताई म्हणते, त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली, आणि सासूबाई तिला गप्प हो म्हणाल्या नाहीत.

नवरा बेकरीतून आला तेव्हा पोट खाटेवर आणि बायको खाली जमिनीवर, आईच्या हाताशी डोकं टेकून बसलेली. तो दारातच थांबला. त्याच्या हातात पावांची पिशवी होती.

"ये आत," आई म्हणाली. "दारात उभा राहून बोलू नकोस. तुला ते झेपत नाही."

वाट बघण्याचं काम संपल्यावर सासूबाई लवकर थकल्या. पायांवर पुन्हा सूज आली, आणि नंतर पाय गार पडू लागले, पांघरुणं घातली तरी. ताईने ते पोट उसवलं. कापूस बाजूला काढून ठेवला, बेंबीचं बटण डब्यात टाकलं, आणि आतली जवसाची पिशवी चुलीवर गरम करून सासूबाईंच्या तळपायांशी ठेवू लागली. त्यांना ते आवडे. "उशीर केलास," त्या एकदा म्हणाल्या. "हे आधीच दिलं असतंस तर मी कशाला तुझ्या पोटाला चाचपत बसले असते?"

आमच्याकडे त्याच सुमारास एका मालिकेत नायिकेचे दिवस भरले. दिग्दर्शकाला कुणीतरी उतरलेल्या पोटाची गोष्ट सांगितली होती. त्याने माणूस पाठवला. ताई म्हणाली, ते आता नाही. त्याने विचारलं, फाटलं का? ती म्हणाली, नाही, कामात आहे.

सासूबाई सकाळी गेल्या, गल्लीतली मुलं शाळेला निघतात त्या वेळेला. नवरा भट्टीवर होता. ताई पिशवी बदलायला म्हणून गेली आणि पांघरुणाखाली हात घातला. पाय गार झाले होते. पिशवी अजून चांगली गरम होती. तिने ती लगेच काढली नाही.